बदामाच्या गराचे गाव

उर्दू वाचणाऱ्याला ‘कल्ब’ आणि ‘लौज’ हे दोन्ही शब्द ओळखीचे. लौज म्हणजे अरबीत बदाम. आपल्याकडे मात्र ती मिठाई झाली. सीरियाच्या इदलिब प्रांतात, तुर्कस्तानच्या सीमेजवळ, जबल अल्-सुम्माक या डोंगरावर ‘कल्ब लौझा’ नावाचे लहानसे गाव आहे. अर्थ साधा, बदामाचा गर. वस्ती द्रूझांची, आणि गावात उभे आहे पाचव्या शतकातले दगडी चर्च. छप्पर गेले, पण रुंद कमानी अजून शाबूत आहेत. 2011 मध्ये युनेस्कोने उत्तर सीरियातल्या ज्या प्राचीन खेड्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यांत हेही आले.

द्रूझ आले कुठून? फातिमी खलिफा अल्-हाकिम याच्या काळात, 1017 मध्ये, कैरोत या पंथाची दावत सुरू झाली आणि 1043 मध्ये तिचे दार कायमचे बंद झाले. तेव्हापासून नव्याने कुणी द्रूझ होऊ शकत नाही. जन्मानेच व्हावे लागते. ते स्वतःला ‘मुवह्हिदून’ म्हणवतात, म्हणजे तौहीद मानणारे. गंमत अशी, की ज्या दराझीवरून ‘द्रूझ’ हे नाव पडले, त्याला ते स्वतःच गुमराह मानतात. पुनर्जन्मावरचा विश्वास, निवडक ‘उक्काल’नाच खुले असलेले धर्मग्रंथ, या गोष्टी आपल्या अकीद्याशी जुळत नाहीत हे उघड आहे.

पण न जुळणाऱ्या अकीद्याचे करायचे काय? या डोंगराला हा सवाल फार पूर्वीच विचारला गेला. 1032 मध्ये इथल्या द्रूझांवर अंताकियाचा बायझंटाईन सुभेदार आणि हलबचा मुसलमान अमीर दोघे मिळून चालून आले. लोक गुहांत लपले, गुहांना वेढा पडला. एरवी एकमेकांशी लढणारे दोन धर्मांचे सत्ताधीश इथे बरे एकत्र आले!

2015 मध्ये जबहत अल्-नुसराने इदलिब व्यापले. डोंगरावरच्या द्रूझांकडून आपला पंथ सोडून सुन्नी झाल्याचे वदवून घेतले, त्यांच्या दर्गे-मजारी पाडल्या. गावकऱ्यांनी मान तुकवली. तरी 10 जूनला कल्ब लौझात एका द्रूझाचे घर जप्त करायला नुसराचा ट्युनिशियन कमांडर आला. मालक सरकारच्या बाजूचा, असा आरोप. लोकांनी अडवले, वाद पेटला, गोळीबारात किमान 20 जण मारले गेले. म्हणजे कलमा वदवून घेतल्यावरही घर वाचले नाही आणि जीवही. सूरह बकराच्या 256व्या आयतीत दीनमधल्या जबरदस्तीला साफ मनाई आहे. ती या कमांडरला पाठ नसेल, असे मला वाटत नाही.

नुसराने नंतर हात झटकले: आपल्या माणसांनी परवानगीशिवाय हे केले, त्यांच्यावर शरई खटला चालेल.

2022 मध्ये अबू मुहम्मद अल्-जोलानी या डोंगरावरच्या द्रूझांना भेटायला आला, त्यांच्याशी गोड बोलला. जानेवारी 2025 मध्ये तो अहमद अल्-शरा या आपल्या मूळ नावाने सीरियाचा अध्यक्ष झाला. गोळीबार झाला त्या दिवशी नुसराचा प्रमुखही तोच होता.