मराठीतील अप्रचलित तत्सम काव्यशब्द

संस्कृतातून मूळ रूपात मराठी कवितेत आलेले, परंतु आजच्या व्यवहारातून स्वतंत्र शब्द म्हणून नाहीसे झालेले शब्द म्हणजे अप्रचलित तत्सम काव्यशब्द होत. तोय (पाणी), अंघ्रि (पाय), अहि (साप), गेह (घर), पाणि (हात), दारा (पत्नी) ही त्यांची काही उदाहरणे. वामन पंडित, रघुनाथ पंडित, मोरोपंत (१७२९–१७९४) या पंडित कवींच्या रचनांत असे शब्द विपुल आढळतात.

हे शब्द केवळ पांडित्याच्या प्रदर्शनासाठी योजले, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अक्षरगणवृत्तांत लघू-गुरूंचा क्रम ठरलेला असतो. मालिनी वृत्ताच्या चरणारंभी सलग सहा लघू अक्षरे लागतात. दोन्ही अक्षरे गुरू असलेला ‘पाणी’ तेथे बसत नाही, ‘सलिल’ सहज बसतो. एका अर्थाचे अनेक शब्द हाताशी असणे ही कवीची गरजच होती.

विद्यार्थ्यांची खरी अडचण होते ती सारख्या दिसणाऱ्या शब्दांनी. ‘पाणी’ हा ‘पानीय’पासून झालेला तद्भव शब्द, तर ‘पाणि’ म्हणजे हात. वेलांटीकडे दुर्लक्ष झाले, तर ‘पाणिग्रहण’ या शब्दात विवाहाऐवजी पाणीच दिसू लागते.

एकटा वापरला न जाणारा शब्द समासात, वाक्प्रचारात किंवा सणाच्या नावात मात्र टिकतो. ‘अहि’ अहिनकुलवैरात उरला, ‘कलत्र’ ज्योतिषातील कलत्रस्थानात. आगीला आज कोणी ‘हुताशन’ म्हणत नाही, तरी होळीची पौर्णिमा हुताशनीच आहे. हक्कावर ‘उदक’ सोडले जाते. तहान लागल्यावर ते कोणी मागत नाही. इटालियन भाषेतही असेच घडले. दान्तेने लॅटिनमधून घेतलेला ‘चीवे’ (नागरिक) हा शब्द मागे पडला, त्याच कुळातील ‘चीविको’ हे विशेषण रूढ राहिले.

विसाव्या शतकात ग. दि. माडगूळकरांच्या गीतरामायणाने (पुणे आकाशवाणी, १९५५–५६) अशी संस्कृतप्रचुर पदावली घरोघरी पोहोचवली. यवतमाळ येथे १९७३ साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. याच जिल्ह्यातील वणी येथे जन्मलेले लोकनायक माधव श्रीहरी अणे यांच्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत महाकाव्याला त्याच वर्षी मरणोत्तर साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. त्या शीर्षकातील ‘अर्णव’ म्हणजे समुद्र. मराठी गद्यातून हा शब्द केव्हाच गेला. अलीकडे मुलाचे नाव म्हणून तो बारशात पुन्हा ऐकू येतो.