‘नंतर’ची गोष्ट

परवा गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, “मोबाईलवर सारखं ‘अपडेट करा’ येतं. मी आपली ‘नंतर’ दाबते.” सगळ्या हसलो, कारण सगळ्याच तेच करतो. त्या ‘नंतर’चीच ही गोष्ट.

इंटरनेटवरची पानं आपण ज्यातून बघतो तो ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स वगैरे. सुरुवातीला ही पानं छापील कागदासारखी असत. १९९५ साली अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या १० दिवसांत जावास्क्रिप्ट ही भाषा उभी केली. तेव्हापासून पानाबरोबर संगणकासाठी हुकूमही येऊ लागले. त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. फॉर्ममध्ये मोबाईल नंबर चुकला की लगेच लाल अक्षरं दिसतात, ती बहुधा स्क्रिप्टची करामत. व्हिडिओ, खेळ यांच्यासाठी ब्राउझरला फ्लॅश, जावा अशी जोड दिली गेली. ते प्लग-इन. घराला मागून पडवी काढावी तसं झालं. सोय वाढली, पण चोराला आणखी एक दारही मिळालं.

ॲपलच्या मॅक संगणकाला व्हायरस लागत नाही, असा तेव्हा अनेकांचा समज होता. २०११ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ नावाचा घातक प्रोग्रॅम आला. सुरुवातीला तो फ्लॅश प्लेअरचं सोंग घेऊन लोकांच्या हातूनच आत शिरे. पुढं त्यानं जावातली फट शोधली. मग बिघडवलेलं पान नुसतं उघडलं तरी पुरे. पासवर्डही लागत नसे. ओरॅकल कंपनीनं फेब्रुवारी २०१२ मध्ये ती फट बुजवली होती. पण मॅकसाठीची दुरुस्ती ॲपल देत असे, ती आली एप्रिलमध्ये. तोवर ६ लाखांहून जास्त संगणक त्याच्या ताब्यात गेले होते.

मैत्रिणींनो, त्या लोकांपर्यंत दुरुस्ती वेळेवर पोचलीच नव्हती. आपल्या हातात ती येते, आणि आपण ‘नंतर’ दाबतो.

पुढं ब्राउझरांनी असे प्लग-इन एकेक करून बंद केले. ३१ डिसेंबर २०२० नंतर ॲडोबीनं फ्लॅशला दुरुस्त्या देणं थांबवलं. म्हणून आज कुठलं पान “फ्लॅश जुना झाला, इथे दाबा” म्हणालं, तर ते खोटं समजा आणि पान बंद करा.

स्क्रिप्ट मात्र राहिल्या. बँकेचं पानही त्यांच्याशिवाय चालत नाही. म्हणून ब्राउझर ताजा ठेवणं एवढं तरी आपण करू शकतो. अपडेट प्ले स्टोअरमधूनच घ्या, पानावर उगवलेल्या बटणावरून नको. संगणकावर ब्राउझरच्याच मेनूतून घ्या.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. सगळ्यांनी फोन बाहेर काढायचे आणि एकमेकींचे ब्राउझर अपडेट करून द्यायचे. गटाचा पैसा आता वहीइतकाच फोनमध्येही असतो. वही आपण कुलपात ठेवतो ना?