अस्पष्टतेचा हिशेब

येथे बारामतीत कोणाच्याही घरी लग्नाचे जुने छायाचित्र सापडेल. पुढे बसलेले वधूवर रेखीव, आणि मागच्या रांगेतील आजोबा धूसर! छायाचित्रकाराने फोकस वधूवरांवर साधला. मागची मंडळी त्याच्या टप्प्याबाहेर राहिली. आजोबांचा चेहरा आता गणिताने उजळता येईल काय? या प्रश्नाचा इतिहास उद्‌बोधक आहे.

जुना उपाय असा होता : भिंगाचे तोंड बारीक करावयाचे. त्याने जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट उमटते. परंतु प्रकाश घटतो आणि माणसांना अधिक वेळ निश्चल बसावे लागते.

१९९० साली हबल दुर्बीण अवकाशात गेली, तेव्हा तिचा आरसा किंचित चुकीचा घासला गेल्याचे आढळले. अंतराळवीरांनी १९९३ साली दुरुस्ती केली. पण तोपर्यंत शास्त्रज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने पुसट चित्रांतून पुष्कळ तपशील वर काढला होता. दोष नेमका माहीत असला, की त्याचा हिशेब मांडता येतो, हे यातून दिसले.

मग दोष मुद्दामच का करू नये? १९९५ साली अमेरिकेत डाउस्की व कॅथी यांनी भिंगाला विशिष्ट गणिताने वाकविलेल्या काचेची जोड दिली. तिच्यामुळे सारेच चित्र अस्पष्ट येते, पण जवळचे व दूरचे जवळजवळ सारखेच अस्पष्ट! साहजिकच एकाच गणिताने दोन्ही स्पष्ट होतात. शिवाय भिंगाचे तोंड उघडेच राहिल्याने प्रकाश गमवावा लागत नाही.

२००७ साली या इतिहासात एक मराठी नाव आले. मूळचे नाशिकचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले डॉ. रमेश रासकर व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत भिंगाच्या तोंडावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी बसविली. साध्या गोल तोंडाच्या धूसरपणात काही बारकावे समूळ नष्ट होतात. नक्षीमुळे ते क्षीण का होईना, टिकतात.

याची किंमतही आहे. क्षीण बारकावे वर काढणारे गणित चित्रातील खरखरही वाढविते.

आणि आजोबांचे काय? त्या छायाचित्रात जे क्षीण होऊन उरले असेल, तेवढे गणित परत देईल. जे उमटलेच नाही, ते देणार नाही. कोणी यंत्राकडून तेथे डोळे-नाक भरून घेतलेच, तर तो सुबक चेहरा आजोबांचा नव्हे. म्हणूनच भिंग आणि गणित यांची सांगड प्रकाश आत येण्यापूर्वीच घालावी लागते. उरलेल्याचा हिशेब होतो. नष्ट झालेल्याचा होत नाही.