मानव विकासाचा नकाशा आणि मोजमापाचे एकक : महाराष्ट्राचा अनुभव

प्रादेशिक विषमतेची चर्चा महाराष्ट्रात राज्यनिर्मितीपूर्वीच सुरू झाली. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ व मराठवाड्यास निधीच्या न्याय्य वाटपाचे आश्वासन दिले आणि तेव्हापासून ‘प्रदेश’ हेच विषमतेच्या विचाराचे एकक ठरले. हे एकक कसे बदलत गेले व त्यामुळे विकासाचे कोणते चित्र पुढे आले, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९८३ मध्ये नियुक्त झालेल्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने जिल्हा हे एकक स्वीकारून राज्य सरासरीच्या तुलनेत अनुशेष निश्चित केला. तथापि हा अनुशेष रस्ते, सिंचन यांसारख्या सुविधांचा होता. पुढे १९९४ मध्ये स्थापन झालेली वैधानिक विकास मंडळे पुन्हा विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र या तीन प्रदेशांसाठीच होती. त्यांची मुदत २०२० मध्ये संपली.

आरोग्य, शिक्षण व उत्पन्न यांवर आधारित पहिला राज्य मानव विकास अहवाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुंबई अग्रस्थानी, तर गडचिरोली तळाशी होते. २०१२ च्या अहवालात नंदुरबार शेवटच्या स्थानी आले. येथे एक बाब लक्षणीय आहे. नंदुरबार विदर्भात नाही, मराठवाड्यातही नाही. ते तुलनेने पुढारलेल्या मानल्या गेलेल्या ‘उर्वरित महाराष्ट्रा’त मोडते. शिवाय गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरमधून, तर नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळे झाले. म्हणजेच तेथील आदिवासींचे दारिद्र्य नवे नव्हते. मूळ जिल्ह्याच्या सरासरीत ते झाकले गेले होते. सीमा बदलली आणि ते आकड्यांत उमटले.

या दृष्टीने २००६ पासूनचे मानव विकास मिशन महत्त्वाचे ठरते. २०११ मध्ये त्याचा विस्तार २२ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांत झाला व त्या तालुक्यांतील ‘क’ वर्ग नगरपालिकाही त्यात आल्या. गावातून शाळेत जाणाऱ्या मुलीस सायकल वा बस मिळणे हे त्यामुळे तिच्या तालुक्याच्या स्थितीवर अवलंबून राहिले, प्रदेशाच्या सरासरीवर नव्हे.

मात्र तालुक्याची सरासरीही दुर्गम पाडे झाकू शकते आणि नगरपालिकेची सरासरी तेथील झोपडवस्ती. एकक जितके मोठे, तितका वंचित घटक अदृश्य होण्याचा धोका अधिक. म्हणून निधीवाटपाच्या सूत्राआधी मोजमापाच्या एककाची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.