बाटलीतला रंग, नखावरचा रंग

घडीतली साडी अंगावर वेगळीच दिसते, म्हणून दुकानदार पदर खांद्यावर टाकून दाखवतो. नेलपॉलिशचेही तसेच. १९३२ मध्ये न्यूयॉर्कात सुरू झालेल्या रेव्हलॉनने पारदर्शक रंगांऐवजी अपारदर्शक रंगद्रव्ये वापरली आणि छटा वाढत गेल्या. २०१० मध्ये शेलॅक आले, अतिनील दिव्याखाली घट्ट होणारी जेल पॉलिश सलूनमध्ये रुळली. प्लास्टिकच्या नखावर बेस, रंगाचे दोन पातळ थर, वर टॉप कोट, प्रत्येक थर दिव्याखाली पक्का करायचा, मागे क्रमांक. थर जाड झाला की रंगद्रव्य प्रकाश अडवते, आतला भाग कच्चा राहतो. (घाई करणाऱ्यांचे नमुने सुरकुततात!)

मला मात्र या नमुन्यांत स्थलांतराचा इतिहास दिसतो. १९७५ मध्ये सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासित छावणीत अभिनेत्री टिपी हेड्रन यांनी वीस व्हिएतनामी स्त्रियांना नखांचे काम शिकवण्याची सोय केली. आज अमेरिकेतला हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर व्हिएतनामी कुटुंबांच्या हाती आहे. परक्या भाषेत ‘जरा फिकट, पण गुलाबी नको’ हे समजावणे दोघींनाही अवघड. नमुन्यावर बोट ठेवले, मागचा क्रमांक वाचला, की काम सुरू.