देवीचे व्रत आणि सरकारचा हुकूम

राज्यसत्ता कोणत्या श्रद्धेला भिते आणि कोणत्या श्रद्धेकडे काणाडोळा करते, याचा शोध केवळ राजधान्यांच्या दप्तरांतच घ्यावा लागतो असे नाही; पालघर, बोईसर, सालवड, चिंचणी, तारापूर या गावांना वागवणारी, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला वारल्यांचे डोंगर असलेली उत्तर कोकणची अरुंद पट्टीदेखील त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास समर्थ आहे. १९६९ साली वीज देऊ लागलेले अणुवीज केंद्र आणि सालवडच्या शेजारी पसरलेली औद्योगिक वसाहत यांमुळे या भागाची जी नवी ओळख झाली, तिच्याखाली एक फार जुना इतिहास दडलेला आहे. गेल्या साडेचार शतकांत परस्परांहून सर्वस्वी भिन्न अशा सत्तांनी या परिसरातील रयतेच्या देवधर्मात हात घातला. एकीने तो धर्मासाठी घातला, दुसरीने महसुलासाठी. या दोन हेतूंची तुलना केल्यावाचून श्रद्धेच्या स्वातंत्र्याचा खरा अर्थ हाती लागत नाही, असे माझे नम्र मत आहे.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि पुढे दमण त्यांच्या ताब्यात आल्यावर या दोन ठाण्यांमधील तारापूर, माहीम, डहाणूचा किनारा त्यांच्या ‘उत्तर प्रांता’त मोडू लागला. १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या धर्मन्यायसभेचा (इन्क्विझिशनचा) अधिकार पूर्वेकडील सर्व पोर्तुगीज मुलखावर चालत असल्याने हा किनाराही तिच्या कक्षेत आला. नवख्रिस्ती झालेल्या कुटुंबात पूर्वीचा एखादा कुळाचार टिकून आहे की काय, याची चौकशी हे तिचे मुख्य कार्य होते; आणि १७३६ साली गोव्यासाठी तिने काढलेल्या फर्मानात लग्नातील गाणी, अंगणातील तुळस, इतकेच नव्हे तर भात मीठ न घालता शिजवून मागाहून मीठ घेण्याची हिंदूंची रीत यांवरही मनाई केलेली आढळते. माणसाच्या अंतःकरणात प्रवेश करता येत नाही म्हणून सत्तेने त्याच्या चुलीपाशी पहारा बसवावा, हे त्या राजनीतीचे तर्कशुद्ध पण भयावह टोक होते. ही न्यायसभा १७७४ साली मोडण्यात आली, १७७८ साली पुन्हा उभी राहिली आणि अखेर १८१२ साली कायमची बंद झाली.

या किनाऱ्याची सुटका मात्र त्याच्या कितीतरी आधी झाली होती. १७३९ च्या जानेवारीत तारापूरच्या किल्ल्यावर चढाई करताना बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थी पडले, किल्ला मराठ्यांच्या हाती आला आणि मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई सर केली. त्या विजयाच्या शौर्याचे पोवाडे आपण गातो. परंतु शरणागतीच्या तहात, मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपली उपासना चालू ठेवता येईल असे जे मान्य करण्यात आले, त्या कलमाचा गौरव आपल्याकडून व्हावा तितका होत नाही. दोनशे वर्षांच्या जाचानंतर विजयी झालेल्या पक्षाने पराभूतांच्या प्रार्थनेला हात न लावणे, हे शस्त्राने मिळविलेल्या यशाहून उणे नव्हते.

पुढे इंग्रजी अंमल आला आणि १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने सर्व प्रजेला अभय दिले की कोणाच्याही धर्मश्रद्धेत अथवा उपासनेत सरकारी अधिकारी ढवळाढवळ करणार नाहीत. पण धर्माच्या बाबतीत उदासीन असलेले हे सरकार जमाखर्चाच्या बाबतीत अत्यंत जागरूक होते. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळण्याचा आणि ताडी काढण्याचा व्यवहार परवान्यांच्या व मक्त्यांच्या चौकटीत आणला. ज्या ताडामाडांतून आणि शिंदीच्या झाडांतून भंडारी व आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या रस काढीत आले, त्या प्रत्येक झाडावर कर बसला. १८९२ च्या मोहवा कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले. आपल्या रानात आपोआप गळणारे फूल वेचणे हा आदिवासीचा गुन्हा ठरला आणि मक्तेदाराच्या गुत्त्यावर जाऊन तेच फूल दारूच्या रूपाने विकत घेणे हा सरकारमान्य व्यवहार ठरला. गुत्तेवाला बहुधा सावकार आणि जमीनदारही असे. उधारीची दारू वेठीच्या श्रमाने फेडली जाई, आणि दारूचा पेला, कर्जाचा कागद व जमिनीचा सातबारा एकाच हातात एकवटत.

अशा या परिस्थितीत, १९२२ च्या प्रारंभी, पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांत देवीची साथ आली. साथ म्हणजे देवीचा कोप, आणि त्या देवीला शांत करून वेशीपार पोचती केल्यावाचून गावाची सुटका नाही, ही समजूत या किनाऱ्याला नवी नव्हती. नवे होते ते देवीने या वेळी मागितलेले. मासेमारी करणाऱ्या मांगेला समाजाच्या घरांतील स्त्रियांच्या अंगात संचार होऊ लागला आणि त्यांच्या मुखातून आज्ञा निघू लागली: दारू आणि ताडी सोडा, मांस आणि मासळी वर्ज्य करा. ज्या समाजाची चूल मासळीवर पेटते, त्याच समाजाच्या स्त्रियांच्या तोंडून असा नेम निघावा, ही गोष्ट साधी नव्हे. कोंबड्याबकऱ्याचा बळी आणि मद्याचा नैवेद्य मागणारी देवता आता भक्ताकडे त्याच्या स्वतःच्या संयमाचा नैवेद्य मागत होती.

किनाऱ्यावरून निघालेली ही देवी आदिवासींच्या मुलखात शिरली आणि तिचे स्वरूप विशाल झाले. डहाणू, उंबरगाव, धरमपूर, बांसदा, डांग, सुरगाणा असे डोंगरपट्टे तिने व्यापले. ती पूर्वेच्या पर्वतांतून येणारी सालाबाई आहे, असे लोक म्हणू लागले. ९ नोव्हेंबर १९२२ रोजी सुरत जिल्ह्यातील खानपूर या गावी सुमारे दोन हजार आदिवासी मांडवाखाली जमले आणि संचार झालेल्या माणसांच्या तोंडून त्यांनी देवीच्या आज्ञा ऐकल्या. दारू, ताडी आणि मांस सोडावे, रोज स्नान करून स्वच्छ राहावे, आणि दारूचा व्यापार ज्यांच्या हाती होता त्या पारशी गुत्तेवाल्यांशी कसलाही संबंध ठेवू नये, अशा त्या आज्ञा होत्या. पुढे या आज्ञांत गांधींचे नाव आणि खादी मिसळली. कोणी मठाधिपती नाही, ग्रंथ नाही, वर्गणी नाही, प्रचारक नाहीत. एका गावाने ऐकावे आणि दुसऱ्याला सांगावे, एवढ्याच बळावर काही महिन्यांत ही चळवळ दूरवर पसरली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचा सविस्तर मागोवा घेतला नसता, तर आपल्या किनाऱ्यावर उगम पावलेला हा प्रवाह आपल्यालाही अपरिचितच राहिला असता.

आता सत्तेची कसोटी लागली. कोणत्या देवाला नमस्कार करावा हा प्रश्न येथे कोणाच्याही तक्रारीचा विषय नव्हता. तक्रार होती ती ओस पडलेल्या गुत्त्यांची, जमीनदाराच्या शेतावर न आलेल्या मजुरांची आणि घटणाऱ्या आबकारी उत्पन्नाची. गुत्तेवाल्यांनी आणि जमीनमालकांनी धाकदपटशाचा अवलंब केला. ज्या बडोदे संस्थानाने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पायंडा अवघ्या हिंदुस्थानात प्रथम घातला, त्याच्याच अधिकाऱ्यांनी १९२३ साली देवीच्या सभांना मनाई केली. सयाजीरावांच्या राज्याची थोरवी मला पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणूनच हे उदाहरण अधिक बोधप्रद वाटते: सुधारणा वरून खाली हुकुमाने यावी हे सुधारक राज्याला रुचते, परंतु तीच सुधारणा खालून, देवीच्या मुखाने आणि रयतेच्या स्वतःच्या निश्चयाने वर येऊ लागली की तिच्यात बंडाचा वास येऊ लागतो. जी श्रद्धा शतकानुशतके माणसाला पेल्याशी बांधून ठेवीत होती तिला कोणीही हरकत घेतली नाही. ज्या दिवशी तिने त्याला पेल्यापासून सोडविले, त्या दिवशी ती अंधश्रद्धा आणि अशांततेचे मूळ ठरली.

तथापि चळवळीची दुसरी बाजू सांगितली नाही तर हा इतिहास अपुरा राहील. देवीच्या आज्ञा पाळणाऱ्यांनी न पाळणाऱ्यांवर बहिष्कार घातला. पुढे चौधरी जमातीत वर्ज्य पाळणारे ‘वर्जेला’ आणि देवाने निर्मिले ते खाण्यापिण्यास दोष नाही असे मानणारे ‘सर्जेला’ असे दोन तट पडले. श्रद्धेने दिलेले बळ शेजाऱ्याच्या श्रद्धेवर चालविण्याचा मोह केवळ राजांना होतो असे नाही. पीडितांनाही तो होतो. जेथे असा मोह दुसऱ्याच्या देहाला, अन्नाला वा उपजीविकेला इजा करू लागतो, तेथे राज्याने मध्ये पडणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. पण शेजाऱ्याला इजा करणारे कृत्य थांबविणे वेगळे, आणि मांडवाखाली जमण्यालाच बंदी करणे वेगळे.

पुढे काळाचे चक्र असे फिरले की मद्यनिषेध हेच सरकारचे धोरण झाले. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला आणि राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मद्यनिषेधाचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य म्हणून सांगितले. पंचवीस वर्षांपूर्वी जी आज्ञा ऐकण्यासाठी जमणे हा अपराध होता, तीच आज्ञा आता कायद्याच्या मुखातून निघू लागली. पण देवीच्या शब्दाने ज्याने स्वतःहून मडके फोडले, त्याच्या दारात आता तेच मडके शोधण्यासाठी पोलीस येऊ लागला. व्रताला ताठ मान लागते. हुकुमापुढे ती खाली घालावी लागते. त्यामुळेच कृती एकच असूनही एकीने आदिवासी उभा राहिला आणि दुसरीने तो पुन्हा आरोपी झाला.

सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून प्रत्येकाला सद्‌सद्विवेकबुद्धीचे आणि धर्म आचरण्याचे स्वातंत्र्य देणारा राज्यघटनेचा २५ वा अनुच्छेद हाच आज आपला जाहीरनामा आहे. त्यातील अपवादाचे शब्द आवश्यक आहेत. रोगाच्या साथीत, नरबळीच्या अघोरी प्रकारात, स्त्रीला डाकीण ठरवून मारण्याच्या क्रौर्यात राज्याने स्वस्थ बसणे हा अधर्म होईल. परंतु हेच शब्द कोणाही अधिकाऱ्याच्या हाती सोयीची किल्ली होऊ शकतात, हे १९२३ चा अनुभव सांगतो. त्या वेळीही मनाईमागे कारण शांततेचेच पुढे करता येत होते. म्हणून एखाद्या नव्या, वादग्रस्त, आपल्याला न रुचणाऱ्या पंथावर निर्बंध घालण्याची मागणी जेव्हा जेव्हा होईल, तेव्हा नागरिकाने दोन प्रश्न विचारले पाहिजेत: या श्रद्धेने कोणाला प्रत्यक्ष इजा झाली, आणि ही मनाई झाल्याने कोणाचा लाभ होणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुराव्यासह मिळाले तर कायद्याने त्या कृत्यापुरते बंधन अवश्य घालावे. ते मिळाले नाही आणि दुसऱ्याचे मात्र स्पष्ट दिसले, तर ती मनाई धर्माच्या नावाची असो की शांततेच्या, तिला विरोध करणे हे श्रद्धाळू आणि अश्रद्ध अशा दोघांचेही समान कर्तव्य आहे.