अग्निबाण आणि आपला जिल्हा

अग्निबाण उडतो श्रीहरिकोट्यास; पण त्याच्या इतिहासाचे एक पान आपल्याच जिल्ह्यात लिहिले गेले. डॉ. वसंतराव गोवारीकरांनी १९६७ पासून थुंब्यास घन इंधनाची विद्या रुजविली. १८ जुलै १९८० रोजी चारही टप्पे घन इंधनाचे असलेल्या वाहनाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. परंतु इंधनास जळत्या वायूंचा दाब सोसणारे कवच हवे! आपले भुकूम जिल्ह्याच्या पश्चिमेस. पूर्वेस, इंदापूर तालुक्यात, वालचंदनगर. साखर कारखान्यांची यंत्रे घडविणाऱ्या तेथील कारखान्याने अग्निबाणांची पोलादी कवचेही घडविली. एक सांधा दुबळा राहिला, तर सारे व्यर्थ. २०२० मध्ये खाजगी उद्योगांस या क्षेत्राचे दार उघडले खरे. पण मागणी तुरळक राहिली तर कसबी कारागीर पांगतील. ग्रंथातली विद्या कपाटात टिकते. हातातली विद्या कामावाचून टिकत नाही, हे आपण विसरता कामा नये.